मिनिटांची वही

"तुमच्या हाताखालची किती पोरं पुढे पहिल्या संघात गेली?" असं कोणी विचारलं, की मास्तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे. नाडी बांधलेलीच असायची. एकोणीस वर्षं ते क्लबच्या अकादमीत चौदा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवत होते आणि खरं उत्तर होतं, दोन. त्यातला एक अकरा मिनिटं खेळला, गुडघा धरून बाहेर आला, तो परत आत गेलाच नाही. दुसरा अजून खेळतो, पण मास्तर समोर दिसले की फोन कानाला लावतो.

आता दोन म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अकादमीची पायरी चढलेले नाही. शंभरातून एक वर गेला तरी तिथले लोक वर्षभर त्याचंच नाव घेतात. बाकीचे नव्याण्णव कुठे गेले हे विचारायला कोणाला सवड आहे? मास्तर स्वतः त्या नव्याण्णवांतले. सतराव्या वर्षी ह्याच क्लबानं त्यांना नारळ दिला, तोही तोंडावर नाही. चेंजिंग रूमच्या दाराला यादी लावली होती, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी ती वरून खाली, खालून वर अशी चार वेळा वाचली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "सरक ना, आम्हालाही बघू दे." झाला निरोपसमारंभ. त्या शेवटच्या वर्षी ते प्रत्येक सामन्याला गेले होते आणि बूट घालून बाकावर बसले होते. खेळवलंच नाही तर पोरगं कसं आहे हे कळणार कसं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही.

म्हणून शिकवायला लागल्यावर त्यांनी एक वही सुरू केली. साधी, शाळकरी पोरांची असते तशी. डावीकडे मुलांची नावं, पुढे प्रत्येक सामन्यात कोण किती मिनिटं खेळला त्याचा आकडा. नियम एकच, हंगामाच्या शेवटी कोणाचीही मिनिटं निम्म्याखाली जाता कामा नयेत. मग तो हळू पळणारा असो, जाडा असो, नाहीतर चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारा असो. साहजिकच संघ हरायचा. बापलोक कुंपणाला टेकून मास्तरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "हा माणूस अकादमी चालवतो की पाळणाघर?" मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांची बायको औषधाच्या दुकानात कामाला होती. ती म्हणायची, "अहो, दर शनिवारी हरून येता आणि जिंकल्यासारखे जेवता, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही."

मग लिंबू आला. तेरा वर्षांचा, उंची दहाची. खेळात ज्याला नुसतं नावाला घेतात, ज्याचं बाद होणं कोणी धरत नाही, त्या लिंबूटिंबूवरून पोरांनी पहिल्याच दिवशी नाव पाडलं. पण हा लिंबू चेंडू पायाशी यायच्या आधीच मान वळवून मागे कोण, बाजूला कोण, ते बघून ठेवायचा. हे शिकवून येत नाही. मास्तरांनी एकोणीस वर्षं शिकवून बघितलं होतं. क्लबच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला आणि सांगितलं, "हाडं अजून अकराचीच आहेत. पोरगं वाढेल, पण सोळा उजाडेल. तोवर धीर धरा." मास्तर त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत. हा तिसरा, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं. तिसराच कशाला, हाच पहिला.

आणि त्याच वर्षी अकादमीवर नवे संचालक आले. वयानं मास्तरांच्या धाकट्या भावाएवढे, बोलणं गोड, हातात कायम टॅबलेट. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत द्यायचे, म्हणून त्यांचं नाव टक्केसाहेब. बावीस सामन्यांतले अकरा झाले होते आणि बारा संघांत मास्तरांचा संघ अकरावा होता. टक्केसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं, चहा मागवला.

"मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण निकाल नको का? पहिल्या सहांत आलात तर पुढचं बसून बोलू. नाहीतर नव्या हंगामात चौदाचा संघ मी फिटनेसवाल्याकडे देतोय."

फिटनेसवाला म्हणजे ज्यानं लिंबूला पाहून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ह्याच्या खिशात दगड घाला, नाहीतर वाऱ्यानं उडून जाईल." त्याच्या हातात संघ गेला तर पहिला नारळ कोणाला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मास्तरांनी हिशेब केला. लिंबू राहायचा तर आपण राहिलं पाहिजे. आपण राहायचं तर जिंकलं पाहिजे. आणि जिंकायचं तर, समोरच्या संघांत मिसरूड फुटलेली घोडी असताना, लिंबूला बसवलं पाहिजे. दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न. हिशेबात कुठे चूक सापडेना, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

त्यांनी लिंबूला मैदानाच्या कोपऱ्यात गाठलं. "दोन महिने थांब. कळ काढ. मग बघ."

"बरं सर," लिंबू म्हणाला.

बायकोनं रात्री जेवताना विचारलं, "कारण सांगितलंत त्याला?"

"लहान आहे तो. काय सांगू? माझी नोकरी वाचवायला तू बस, म्हणून?"

"तेच तर आहे ना पण," बायको म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मग सुरू झालं जिंकणं. संघात एक खांब होता, तेराव्या वर्षी बापापेक्षा उंच. मागून चेंडू उडवायचा, खांबानं डोकं लावायचं, की गोल. फुटबॉल कसला, आंबे पाडणं. पण आंबे पडत होते. अकरांपैकी आठ सामने जिंकले. कुंपणावरचे बाप मास्तरांना हात करायला लागले, एकानं तर चक्क खांद्यावर थाप मारली. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे, मास्तरांना ते आवडलं. एकोणीस वर्षांत कोणी थाप मारली नव्हती. एका सामन्यात तीन गोलांनी पुढे असताना लिंबू रेषेवर अंग गरम करत होता. शेवटची वीस मिनिटं त्याला सहज देता आली असती. मास्तरांनी गोलफरकाचा विचार केला आणि त्याला हातानंच खाली बसायची खूण केली. लिंबू बसला.

बाकावरूनही तो गप्प नसायचा. "डावीकडे मोकळं आहे," "खांब, मागे सरक, तुझ्यावरचा बचाववाला झोपलाय," असं त्याचं अखंड चालू असायचं, आणि आतली पोरं त्याचं ऐकायची. मास्तरांच्या हे लक्षात आलं होतं. त्यांना वाटलं, बरंच आहे, पोरगं नाराज नाही.

ह्या सगळ्यात वही मात्र रोजच्यासारखी भरली जात होती. लिंबूपुढे शून्य, शून्य, शून्य, मग एकदा चौदा, परत शून्य. खोटं लिहावं हे मास्तरांच्या डोक्यातही आलं नाही. दर सोमवारी ऑफिसातली मुलगी वही मागून न्यायची, आकडे कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि परत आणून द्यायची. कोणीतरी वही बघतंय, ह्याचाच मास्तरांना आनंद.

संघ पाचवा आला. टक्केसाहेबांनी पुन्हा चहा मागवला आणि दोन वर्षांच्या कराराचा कागद पुढे सरकवला. मास्तरांनी सही केली. मग साहेबांनी टॅबलेट फिरवला. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं त्याची यादी, ठेवायचे हिरवे, सोडायचे लाल. चौथ्या ओळीत लिंबू, लाल.

"हे चुकून झालंय," मास्तर म्हणाले.

"बत्तीस टक्के मिनिटं आहेत त्याची. निम्म्याखालचे सगळे लाल. निम्म्याचा नियम तुमचाच आहे, मास्तर. मला फार आवडला. तोच आता सगळ्या वयोगटांना लावलाय."

"अहो, तो नियम पोरांना खेळवायचा होता. काढायचा नव्हता."

"खेळवलं कोणी नाही मग?"

साहेब चिडलेले नव्हते, उलट समजुतीनं बोलत होते. "एकोणीस वर्षांच्या इतक्या प्रामाणिक नोंदी अख्ख्या क्लबात कोणाकडे नाहीत. तुमच्यासारखा माणूस एखाद्या मुलाला बसवतो, म्हणजे काहीतरी बघूनच बसवत असणार ना?"

"मी मुद्दाम बसवला त्याला. जिंकायचं होतं म्हणून."

"म्हणजे तो आत असताना जिंकता येत नव्हतं. तेच तर ही यादी सांगतेय."

त्या क्षणी मास्तरांना एक गोष्ट करता आली असती. सही केलेला कागद टेबलावरच होता. तो उचलून "लाल करायचं तर मला करा" असं म्हणता आलं असतं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. मग त्यांना त्रेपन्न वय आठवलं, दुखरा गुडघा आठवला, ह्याखेरीज दुसरं काही येत नाही हे आठवलं, आणि ते वाक्य त्यांनी गिळलं. जिन्यावरून उतरताना त्यांनी स्वतःला सांगितलं, की म्हटलं असतं तरी यादी बदलली नसती. असेलही तसं. पण म्हटलं नाही ते नाहीच.

आता अकादमीत निदान दारावर यादी लावत नाहीत. आईबापांना बोलावून, खोलीत बसवून, कोचनं सांगायचं असतं. ही पद्धतही मास्तरांनीच भांडून सुरू करून घेतली होती.

लिंबूची आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, तशीच निळ्या कोटावर आली. खुर्च्या तीन, टेबल एक, भिंतीवर जुन्या संघाचा फोटो. लिंबू आईशेजारी बसला, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. मास्तरांनी शंभर वेळा पाठ केलेलं बोलणं एका दमात संपवलं. क्लब तुझा आभारी आहे, तू मेहनती आहेस, दुसरीकडे नक्की संधी मिळेल, मी स्वतः पत्र देईन.

आईनं विचारलं, "काय कमी पडलं त्याचं? म्हणजे घरी काही करून घेता आलं असतं का, एवढंच विचारते."

"मिनिटं," मास्तर म्हणाले. "खेळायला मिनिटं कमी मिळाली त्याला."

"ती कोण देतं?"

मास्तरांनी लिंबूकडे बघितलं. पोरगं रडेल असं त्यांना वाटलं होतं. रडलं असतं तर बरं झालं असतं, इतक्या वर्षांत रडणाऱ्या पोरांची त्यांना सवय झाली होती. लिंबूनं विचारलं, "सर, मग तुमचं राहिलं ना?"

"काय राहिलं?"

"नोकरी. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. खांबच्या बाबांनी सांगितलं होतं त्याला, हरलो तर सरांना काढणार. म्हणून मी मिनिटं मागितली नाहीत. आणि बाहेरून सांगत होतो सगळ्यांना, कुठे चेंडू टाकायचा ते."

आईनं वळून मुलाकडे बघितलं, मग मास्तरांकडे. इतका वेळ तिला कशाचा काही पत्ता लागत नव्हता. आता लागला.

"राहिलं," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं."

"बरं झालं," लिंबू म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

आई उठली. पर्स खांद्याला लावली, मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मास्तर तिच्या एका शब्दाची वाट बघत उभे राहिले, शिवी असती तरी चाललं असतं. दार उघडताना लिंबूनंच मागे वळून "येतो सर" म्हटलं. बाहेर बाकावर अजून तीन घरं बसली होती, आणि पहिल्या बाईनं विचारलं, "आम्ही यायचं का आत?"