कवेलू फेरायला पुरुष लागतो

आमच्या गावात बाईनं घरावर चढायचं नसतं. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. एक म्हणतो घरदेव उठून जातो, दुसरा म्हणतो पाऊस रुसतो, तिसरा म्हणतो, "आपल्यात नाई चालत," आणि विषय तिथंच संपतो. बाईनं मोह वेचायला झुंजूमुंजूला जंगलात जावं, वाघाच्या वाटेनं तेंदूपत्त्याचं ओझं डोक्यावरून आणावं, धानाच्या रोवण्याला दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडून घ्यावी, ते सगळं चालतं. तेव्हा कुठलाच देव उठत नाही. फक्त तिच्याच घराच्या छपराला तिचा पाय लागला नाही पाहिजे.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्याचा संताप यायला बाबा जावे लागले. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात माय आता एकटीच राहते. भाऊ नाही, आणि मी चंद्रपूरला नोकरीला. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर दर उन्हाळ्यात फेरावं लागतं, म्हणजे फुटलेली कवेलू काढून नवी घालायची, सरकलेली बसवायची. आमच्याकडे वानरांचे कळप घरांवरून धिंगाणा घालत जातात. वानरीण पोटाशी पिल्लू धरून खुशाल आढ्यावर बसते. तिला देवाची मनाई नाही, माझ्या मायला आहे.

बाबा होते तोवर ते वर चढायचे, माय खालून कवेलू द्यायची. बाबा गेले आणि मायनं मोठबाला, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाला, निरोप धाडला. निरोपच, कारण भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलायचं नाही ही आणखी एक रीत. तो पुढ्यात बसला असला तरी पदर ओढून तिसऱ्याला म्हणायचं, "सांग मोठबाले." मोठबा म्हणाले, "उद्या येतो." उद्याचा परवा झाला, परवाचा आषाढ झाला. घर असं गळलं की बियाण्याच्या धानाला ढोलीतच मोड आले. माय लोकांच्या बांधाबांधावरून उरलेसुरले पऱ्हे, धानाची रोपं, मागत फिरली. त्यावर मोठबा काय म्हणाले? "एकली काऊन राह्यते? आमच्या घरी ये म्हणा. दोन घास आम्ही देऊ."

वा रे वा! दोन घास! मायला त्यांच्या गोठ्याजवळच्या खोलीत टाकायचं आणि आमच्या घरात त्यांच्या लेकाचा संसार मांडायचा, हे सगळं गाव जाणून होतं. आणखी एक पावसाळा घर गळलं असतं, तर मायला तिथं राहणं जमलंच नसतं. मोठबाला काहीच करायचं नव्हतं, फक्त चढायचं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात मी सुटी टाकून गेले. मजुरी देते म्हणून दारोदार विचारलं. जो तो म्हणे, "अगोदर मोठबाले विचारून घे." एकाच्या रोवण्याला माय कधी चुकली नव्हती. तोही म्हणाला, "तुमच्या भाऊबंदकीत आम्ही काऊन पडाव बाई?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले, ओढणी कमरेला खोचली, शिडी लावली आणि चढले.

"पोरी, नको न! लोक काय म्हणतील?"

"लोक येऊन राह्यले का कवेलू फेराले?" मी वरून ओरडले.

माय जरा वेळ पदराचं टोक दातात धरून रस्त्याकडे बघत राहिली. मग तिनं एक कवेलू उचललं आणि माझ्या हातात दिलं.

सगळ्यात आधी बायकाच धावून आल्या. हे सांगताना जीव जळतो, पण खरं आहे. मोठबाची बायको अंगणातून ओरडली, "उतर वं! पाणी नाई पडलं त कोण जिम्मेदार?" तिच्यामागे ज्या उभ्या होत्या, त्या सगळ्यांनी आपापल्या घरी गळक्या छपराखाली गंज-भगोणी मांडून रात्री काढलेल्या. पुरुषांना तोंडही उघडावं लागलं नाही. आमची राखण आमच्याकडूनच करून घेतात, आणि आम्ही करतो!

संध्याकाळी बैठक बसली. ठरलं की छप्पर बाटलं. सगळी कवेलू उतरवायची, पुरुषांनी पुन्हा चढवायची, मग मायच्या गोठ्यातला बोकड कापून गावाला जेवण.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी उन्हं निघायच्या आत सगळे हजर! कुणाला मोठबाला विचारावं लागलं नाही, कुणाला भाऊबंदकी आठवली नाही. मी नीट बसवलेलं एकेक कवेलू त्यांनी काढलं आणि तिथल्या तिथं परत बसवलं. दुपारपर्यंत काम फत्ते. मी अंगणात उभी राहून बघत होते. हसावं की दगड मारावा, कळत नव्हतं. स्वयंपाक मात्र आम्ही मायलेकींनीच केला. छप्पर बाटवणाऱ्या हातचं मटण कुणालाही बाटलेलं वाटलं नाही. दोन-दोनदा रस्सा मागून घेतला मेल्यांनी.

पंगतीत मोठबानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता सांगून द्या तिले, चाल म्हणा आमच्या घरी. बाईमाणसाच्यानं घर नाई सांभाळल्या जात."

माय रस्सा वाढत होती. ती थांबली. पदर आणखी खाली ओढला आणि मला म्हणाली, पण आवाज असा की शेवटच्या पत्रावळीपर्यंत जावा, "पोरी, सांग मोठबाले. मी इथीच राहीन. पुढच्या साली कोणी फेराले नाई आलं, त मी सोता चढीन. दरसाल चढीन. दरसाल शुद्ध करत बसा म्हणा."

मोठबा माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते, घास हातातच. रीत म्हणजे रीत. "मोठबा, माय म्हणते," असं म्हणून मी सगळं पहिल्यापासून, सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितलं.

तेव्हापासून दर मे महिन्यात मोठबा लेकाला घेऊन मुकाट येतात. उशीर व्हायला लागला की माय शिडी काढून नुसती अंगणात उभी करते. घर गळत नाही. माय तिथंच राहते.

आणि गाव काय म्हणतं? "मोठबा किती जपते लहान भावाच्या बायकोले! सोता उभा राहून घर फेरून देते." ऐकलं की मी दातओठ खाते. माय म्हणते, "म्हणू दे वं, घर त कोरडं आहे न." आहे, कोरडं आहे. पण स्वतःच्या घरावर चढायची धमकी दिल्याशिवाय तिला ते कोरडं मिळत नाही, आणि वर पुण्य मोठबाच्या नावावर.