अमेरिकेतली दाढदुखी

आज सकाळी आंघोळ करून औंधला यमाईच्या डोंगरावर गेलो. देवीला कौल लावायचा होता. अमेरिकेतल्या लेकीला परत बोलवावं का?

त्याचं असं झालं. पहाटे तिचा व्हिडिओ कॉल आला. गाल चांगलाच सुजलेला. म्हणाली, "आई, पार्सलमध्ये लाडू नकोत. दाढेच्या गोळ्या पाठव."

बायको म्हणाली, "आगं, तितं डाक्टर न्हाईत व्हय?"

"आहेत गं. पण यांची नोकरी गेली, तसा कंपनीचा विमाही गेला. माझ्या पगारात घरभाडं आणि किराणाच कसाबसा भागतो."

मी म्हणालो, "एवढा श्रीमंत देश, आन् दाढ दाखवता येईना?"

"देश श्रीमंत आहे, आण्णा. आम्ही इथं भाडेकरू आहोत."

ती हसली आणि लगेच तिनं गाल धरला. नोकरी गेल्याचं तिनं आजवर आम्हाला सांगितलंच नव्हतं.

देवळात पुजाऱ्यांनी कौलासाठी फुलं हातात घेतली आणि मी दचकलो. कौल डावा पडला, म्हणजे देवी नको म्हणाली, तर लेकीला तिथंच कळा सोसू देणार होतो का? "राहू द्या," म्हणालो आणि हात जोडून बाहेर आलो.

इथं येऊन लेक-जावई काय करतील, मला माहीत नाही. त्याची धास्ती आहेच. ज्यांची मुलं तिकडं आहेत, त्यांना विचारतो, ती तुम्हाला खरं सांगतात का?

मी मात्र देवळाच्या पायऱ्यांवरूनच लेकीला फोन केला. "पोरी, दोघंबी घरी या," एवढंच म्हणालो.