खंडेनवमीचा थेंब

तेलाशिवाय ठिणगी पाडायची नाही, हा देवेंद्रचा धर्म होता. राजेंद्र नगरात घरामागच्या शेडमध्ये त्याचं स्पार्क मशीन होतं. तेलात बुडवलेल्या पोलादावर विजेच्या ठिणग्या पाडून तो साचे कोरायचा. उभी हयात त्यातच गेली. आणि आता पोटची पोरगीच म्हणत होती, "बाबा, तेल बिलकुल नाही चालणार. हवेतच करा."

यामिनीची पीएच.डी. एका काळ्या तुकड्यावर अडली होती. नखाएवढ्या त्या तुकड्यावर कार्बनच्या नळ्या उभ्या होत्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, मखमलीच्या लवेसारख्या दाट. त्यांत ठिणगीने नक्षी कोरायची होती. बाकीचे तुकडे वाया गेले होते, त्या नळ्या उगवणारी भट्टी बंद पडली होती आणि मुदतवाढ आता मिळणार नव्हती. हा शेवटचा. हा गेला की पोरीची सगळी वर्षं मातीत.

"तेल के बिना? मशीनच जळेल, बेटा!" देवेंद्र कुरकुरला. पण पोरीपुढे बापाचं काय चालतं! केसाहून बारीक तार, अगदी मंद वीज, असं करत वाया गेलेल्या तुकड्यांवर तो शिकला. अष्टमीच्या दुपारी श्वास रोखून त्याने खरी नक्षी पुरी केली आणि भिंगातून बघत एकटाच हसला. "हलवू नका, मी उद्या येऊन काढते," यामिनीने फोनवर बजावलं. त्याने वर काचेचं झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आज हत्यार चालवायचं नाही, पुजायचं. त्याने मशीनला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. मग वाटलं, यंदाचं खरं काम तर झाकणाखाली आहे, त्यालाच आशीर्वाद नको? खुळा नव्हता तो. पूड उडेल म्हणून कुंकू टाळलं, टोचतील म्हणून अक्षताही. फक्त झाकण उचलून फुलाने पाण्याचा एक थेंब शिंपडला. पाणी काय, वाळून जाईल.

पाणी वाळलं. वाळता वाळता त्याने नळ्यांना एकमेकींकडे ओढलं. न्हालेल्या केसांच्या बटा व्हाव्यात तसे मखमलीचे पुंजके झाले, नक्षी मिटली. भिंगातून देवेंद्रला ते दिसलं. त्याने फुंकर घातली, देवाची करुणा भाकली. पुंजके सुटेनात.

तेवढ्यात दारात यामिनीच्या चपला वाजल्या. पत्रा गळला म्हणून सांगावं, असं अगदी ओठावर आलं होतं.

"पूजेचं पाणी," तो म्हणाला. "मीच शिंपडलं गं."

तिने भिंगाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. ती ओरडली असती, आदळआपट केली असती, तर त्याने आनंदाने सोसलं असतं.

"तेल नको, एवढंच सांगितलं मी," ती हळूच म्हणाली. "पानी का बोलना रह गया, बाबा. माझीच गलती."

"नाही गं, नाही!" तो कळवळून ओरडला. ती ऐकतच नव्हती. तिने सवयीने मशीनला हात जोडले, काचेचं झाकण उचललं आणि त्या निकामी तुकड्यावर परत नीट ठेवलं.