दाराबाहेर दोन जोड चपला

नातवंडांनो, चूक माझी होती, हे आधीच लिहून ठेवते. तुमच्यातला थोरला परदेशात संगणकावर आभासी जगं रचतो. मागच्या दिवाळीला त्याने इकडे हिंदी मुलखात, बालाघाटला, त्या जगात शिरायला डोळ्यांवर चढवायचे दोन हेडसेट पाठवले, एक मला आणि एक तुमच्या आजोबांना. फोनवर म्हणाला, "आजी, मी छोटी छोटी जगं करतो. एकेका जगात दोघं-तिघंच."

"भिंती कशाला? एकच मोठा हॉल कर," मी म्हटलं. शाळेत वर्षानुवर्षं वेळापत्रक लावलेली बाई मी. मला सगळी नातवंडं एकाच हजेरीत हवी होती.

हॉल झाला. रविवारी तुम्ही सगळे आपापल्या घरून हेडसेट लावून त्यात आलात आणि सगळे एकदम बोलायला लागलात, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत. त्या गलक्यात धाकटी माझ्यापाशी येऊन मराठीत काहीतरी सांगू लागली. अडखळली. मागून कोणीतरी खो खो हसलं. ती तिथल्या तिथे दिसेनाशी झाली.

त्यानंतर तीन आठवडे ती फोनवरही आली नाही. तिची आई म्हणायची, "अभ्यास आहे." मी मनात म्हणायची, ही पोर आता माझ्याशी कधी बोलणारच नाही.

शेवटी मी थोरल्याला फोन केला. म्हटलं, तुझंच खरं होतं. आपल्या घरची रीत त्याला पुन्हा सांगितली: बाजारात, कचेरीत हिंदी, दाराशी चपला काढल्या की मराठी. आत कोणी कितीही तोडकं बोललं तरी हसायचं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली; सून म्हणून आले तेव्हा माझी मराठीही तोडकीच होती, आणि सासूबाई कधी हसल्या नाहीत.

"म्हणजे प्रत्येक जगाला दार हवं," तो म्हणाला.

त्याने माझ्या स्वयंपाकघराचे फोटो मागवले. तुम्हा मोठ्यांसाठी हट्टा गावच्या जुन्या बावडीच्या, म्हणजे पायविहिरीच्या, पायऱ्या केल्या, तिथे हवा तेवढा दंगा करा. आजोबांना रामपायलीच्या रस्त्यावरचा धानाच्या शेताचा बांध मिळाला. त्यांचा एकच प्रश्न होता, "तिथं चाय भेटते का?"

"नाही, आजोबा."

"मंग काहून जावं?"

पण जातात.

माझ्या स्वयंपाकघरात दोनच पाट. चपला काढल्याशिवाय दार उघडत नाही. पहिल्या दिवशी मी बराच वेळ एकटीच बसले होते. मग दाराबाहेर छोट्या लाल चपला दिसल्या.

ती पाटावर बसली. फळीवर माझे डबे होते, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. ती एकेक वाचू लागली.

"ति… खट. मे… थी. आजी, हे काय?"

"साबुदाणा."

"मला ते माहीत आहे! आई उपास करते. मी सगळा खाते."

मग मांजर, पडलेला दात, शाळेतल्या नव्या बाई, सगळं आलं. शब्द अडला की हाताने दाखवायची, मी सांगायची, ती पुढे जायची.

जाताना म्हणाली, "आजी, उद्या त्या वरच्या डब्यात काहीतरी ठेव. रिकामा आहे."

हेडसेट काढला तर आजोबा समोर उभे.

"अवं, फरशी ठंडीगार हाय. चपला कुठी सोडल्या?"

मी खरोखरच दाराबाहेर काढून आले होते.