मफलरखालची वायर

त्या हिवाळ्यात मी जुना सीडी प्लेअर घेतला तो एका माणसाचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. गाण्याची आवड वगैरे मी लोकांना सांगितलेली कारणं. आवड होती, नाही असं नाही, पण आवडीपुरता घरातला टेपरेकॉर्डर चांगला चालत होता.

आमचं ऑफिस तेव्हा नोएडाला हलवलं होतं आणि आम्ही राहत होतो सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. जाऊन-येऊन अडीच तास. त्यासाठी चार्टर्ड बस होती. महिन्याचे पैसे भरायचे, सगळे सरकारी बाबू, प्रत्येकाची सीट ठरलेली. चार्टर्डमधली सीट नोकरीपेक्षा पक्की. माणसाची बदली होईल, पण सीट हलणार नाही. मागे गुडघ्यांवर ब्रीफकेस आडव्या टाकून रमी चालायची, मधे बायकांचं विणकाम, पुढे मंगळवारी भजन. मी चौथ्या रांगेत खिडकीशी. माझ्या शेजारी काका.

काका म्हणजे आमच्याच ऑफिसातले, दुसऱ्या सेक्शनचे, मूळचे अकोल्याचे. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार होते, म्हणजे क्वार्टर सोडावं लागणार होतं. आणि काकूंना जिना चढता येत नव्हता. दोन्ही गुडघे गेलेले. आम्ही दोघंही द्वारकेच्या एकाच सोसायटीचे मेंबर. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. कोणाला कुठला फ्लॅट ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. काकांच्या आयुष्यात त्या वर्षी हा एकच प्रश्न होता: तळमजला मिळेल का?

हा प्रश्न ते मला रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी विचारायचे. मी म्हणायचो, मिळेल हो काका. मग काकूंचे गुडघे, मग अकोल्याचा डॉक्टर, मग दिल्लीचा डॉक्टर, मग मुलं, मग पुन्हा तळमजला. वाटेत आश्रम नावाच्या चौकात बस वीस मिनिटं अडकली की वीस मिनिटं तळमजला. माझी सहानुभूती दसऱ्यापर्यंत पुरली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी लाल किल्ल्यासमोरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. नव्या प्लेअरमध्ये तेव्हा धक्का बसला तरी गाणं न तुटण्याची सोय आली होती. त्यांची किंमत ऐकून मी जुन्या मालाकडे वळलो. एका दुकानदाराने पत्र्याच्या झाकणाचा, हाताला जड, कडेला ओरखडे असलेला प्लेअर समोर ठेवला.

"इंपोर्टेड है सर. पुराना माल है, इसलिए आवाज में दम है."

"और झटका लगे तो?"

"झटका किसको?"

"इसको. बस में."

"बस में क्या होगा सर? आप बैठोगे, ये भी बैठेगा."

हे उत्तर मला तेव्हा पटलं. घरी आलो, सेल घातले, बटण दाबलं, काही नाही. सेल बदलले, तरी काही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून, भांडणाची हिंदी वाक्यं मनात घोळवत, परत बाजारात. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि नखाने कडेचं एक बारीक बटण सरकवलं. ते कुलूप होतं. प्रवासात चुकून दुसरी बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून दिलेलं. प्लेअर लगेच घरघरला. "पढ़े-लिखे आदमी हो सर," तो म्हणाला. त्याच्या स्वरात कीव होती.

बायकोने विचारलं, "टेपरेकॉर्डर असताना हे कशाला?"

"ह्यात आवाज साफ येतो."

"कोणाचा?"



पहिल्याच दिवशी कळलं की आपण फसलो. बसने पहिला स्पीडब्रेकर घेतला आणि गाणं उडून तीन ओळी पुढे जाऊन पडलं. मांडीवर ठेवून पाहिला, पिशवीत स्वेटर घालून त्यावर ठेवून पाहिला. शेवटी उपाय सापडला तो असा: प्लेअर उघड्या तळव्यावर, काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसा धरायचा, कोपर सैल सोडायचं, आणि बस वर गेली की आपण खाली जायचं. आठवड्याभरात अंगाला सवय झाली. खांदे, पाठ, मान, सगळं रस्त्याच्या तालावर हलायला लागलं. दुकानदार बरोबर होता. प्लेअर बसला होता. धक्के मी खात होतो.

वर मफलर. दिल्लीच्या थंडीत कानांवरून मफलर गुंडाळलेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. आत इअरफोनच्या दोन स्पंजच्या टिकल्या, वायर स्वेटरमधून खाली, हात आणि प्लेअर शालीखाली. बाहेरून मी एक थंडी वाजणारा, शांत, मान डोलावणारा श्रोता.

माझ्याकडे तीन सीड्या होत्या. एक संतूरची, प्लेअरबरोबर फुकट मिळालेली. एक पुण्याहून मेहुण्याने आणलेली नाट्यगीतांची. आणि एका बाईंच्या ख्यालाची, जी मी स्वतः विकत घेतली आणि जिची किंमत घरी अर्धीच सांगितली. ती लावली त्या सकाळी यमुनेच्या पुलावर धुकं इतकं होतं की कठडासुद्धा दिसत नव्हता. बस माणसाच्या चालीने चालली होती, म्हणून गाणं तुटत नव्हतं. आणि वरच्या स्वराला जाण्याआधी बाईंनी घेतलेला श्वास मला ऐकू आला. नुसता श्वास. कॅसेटवर तो कायम खरखरीत बुडालेला असायचा. माझ्या अंगावर काटा आला. शेजारी काकांचे ओठ हलत होते.

दोन गाण्यांच्या मधे दोन सेकंद शांतता असते. तेवढ्यात मला काका ऐकू यायचे. "...वाटीच झिजली म्हणे..." मग नाट्यगीत. "...म्हणून मी तिला म्हटलं, रडू नको..." मग पुढचं नाट्यगीत. त्या तुकड्यांवर मी "अच्छा", "हो ना", "बघा तर" हे तीन शब्द आलटून पालटून टाकायचो. काम भागायचं. उलट काका खूश होते. बसमध्ये त्यांनी एकदा कोणाला तरी सांगितलं म्हणे की आजकाल असं ऐकून घेणारं माणूस मिळत नाही.

संक्रांतीच्या आधीची एक सकाळ आठवते. काकांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, माझ्याकडे तोंड करून बसले आणि बराच वेळ काही बोलले. ख्याल सुरू होता, विलंबित, आणि बस पुलाआधीच्या फुटलेल्या रस्त्यावर. मी तळवा सांभाळत होतो. काकांनी माझा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, गुडघे.

त्यानंतर दर सोमवारी डबा यायला लागला. बेसनाचे लाडू, कधी तिळाच्या वड्या. "काकूंनी धाडलंय." माझ्या बायकोने विचारलं, "एवढं कशासाठी?" मी म्हटलं, "माझ्यावर जीव आहे त्यांचा." लाडू चांगले होते. मी खाल्ले.

चिठ्ठ्या निघाल्या त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, द्वारकेला, सोसायटीच्या जागेवरच. ओल्या सिमेंटचा वास, कनात, समोसे, आणि आजूबाजूला लांबवर नुसती अर्धवट उभी बांधकामं. काकांची चिठ्ठी आधी निघाली. तिसरा मजला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मग माझी निघाली. तळमजला, कोपऱ्याचा, पुढे थोडी मोकळी जमीन. माझी बायको लगेच उठून ती जमीन पावलांनी मोजायला गेली.

काकांची समजूत कशी घालायची ते मी जुळवत होतो, तर काका हसत माझ्याकडेच येत होते.

"बाप्पा! देवानंच जुळवलं बघ. पंधरा दिवस आहेत, मी सेक्रेटरीला विचारलं. दोघांच्या सहीचा अर्ज दिला की झालं."

"कसला अर्ज?"

"अदलाबदलीचा."

"कसली अदलाबदल काका?"

त्यांचं हसू गेलं नाही, पण थांबलं. "अरे, मी विचारलं होतं तुला. बसमध्ये, संक्रांतीच्या आधी. तुझा खालचा आला आणि माझा वरचा, तर बदलून देशील का म्हणून. तू हो म्हणालास. दोनदा मान हलवलीस. काकूला मी घरी जाऊन सांगितलं, त्या रात्री ती किती दिवसांनी नीट झोपली."

बायको मोजणी सोडून जवळ आली होती. ती माझ्याकडे बघत होती.

त्या क्षणी एक दिवसाची मुदत मागता आली असती. विचार करतो काका, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण अडचणीत सापडलो की किस्सा सांगायचा ही माझी जुनी खोड. मी खरं सांगून टाकलं, आणि ते गंमत म्हणून सांगितलं. मफलर कसा, वायर कशी, तळव्यावर प्लेअर कसा धरायचा, सगळं करून दाखवलं. मान का हलायची तेही. रमीच्या टोळीतले दोघं सोसायटीत होते, ते खो-खो हसले. "ओए, तभी मैं कहूँ," त्यातले सरदारजी म्हणाले, "ये मराठा इतना शरीफ कब से हो गया!"

हशा ओसरल्यावर काकांनी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. महिने मोजत असावेत.

"मग मी तुला धाकट्याचं सांगितलं ते?"

"कुठलं?"

"काही नाही," ते म्हणाले.

त्यांच्या धाकट्या मुलाचं काय, हे मला आजही माहीत नाही.

पंधरा दिवस होते, आणि ते फार हळू गेले. अर्जाचा कागद मी सोसायटीच्या ऑफिसातून आणलासुद्धा. तो टीव्हीवर पडून होता. बायको म्हणाली, "तुम्ही ऐकलंच नव्हतं ना? मग हो म्हटलंत असं कसं धरायचं?" युक्तिवाद बिनतोड होता, आणि मला तो हवाच होता. काकांनी पुन्हा विचारलं नाही. ते एकदा जरी म्हणाले असते तरी मी सही केली असती, असं मी स्वतःला सांगायचो. सोळाव्या दिवशी तो कागद मी रद्दीत टाकला.

काका चार्टर्डमध्ये पुढे भजनवाल्यांत जाऊन बसायला लागले. शेजारची सीट रिकामी. कोणी तिथे बसेना. त्या बसमध्ये तशी पद्धत नव्हती, ती काकांचीच सीट होती. मफलरची गरज उरली नाही, थंडीही ओसरली. मी उघड्या कानांनी, सगळ्यांदेखत ऐकायचो. आवाज तसाच साफ होता. बाईंचा श्वास तिथेच होता. पण गाणं संपलं की मधल्या दोन सेकंदांत मी कान टवकारायचो, आणि त्यात बसच्या इंजिनाशिवाय काही नसायचं. उन्हाळ्यात प्लेअरचं झाकण बसेनासं झालं. मी दुरुस्त केलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही द्वारकेला राहायला गेलो. तीच इमारत, तोच जिना, आम्ही खाली, ते वर. सामान चढवलं त्या दिवशी काकू एक-एक पायरी बसून-बसून वर गेल्या, असं बायकोने सांगितलं. मी त्या दिवशी मुद्दाम ऑफिसला गेलो होतो. त्यानंतर त्या खाली आल्याच नाहीत. हिरव्या नायलॉनच्या दोरीला बांधलेली टोपली तेवढी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून खाली यायची आणि वर जायची. कोथिंबीर, ब्रेड, औषधाची पाकिटं. एकदा ती आमच्या जाळीला अडकली. मी हात बाहेर काढून सोडवली. वरून आवाज आला, "थँक्यू हो!" हात कोणाचा ते त्यांना दिसलं नसावं.

दोन हिवाळे ते वर राहिले. मग फ्लॅट विकून अकोल्याला जायचं ठरलं. काकूंना खाली आणायला लाकडी खुर्ची आणि चार माणसं लागणार होती. तिघं जमली होती. मला कोणी बोलावलं नव्हतं. आवाज ऐकून मीच जिन्यात गेलो आणि खुर्चीचा पुढचा डावा पाय धरला. काका पिशव्या घेऊन मागे होते.

दर वळणावर खुर्ची टेकवून दम खायचा. पहिल्या मजल्यावर टेकवली तेव्हा काकूंनी माझा हात ओळखीचा असल्यासारखा थोपटला.

"ह्यांनी मला सांगितलं होतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बदलून द्यायला तयार होतात. सोसायटीच्या नियमात बसलं नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार? पण आजकाल कोण म्हणतं एवढं? मी अकोल्यालासुद्धा सगळ्यांना कळवलं होतं."

मी वर बघितलं. काका पायरी कुठे आहे ते बघत होते.

खुर्ची उचलायची होती. सगळे थांबले होते. काकू माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"हो ना काकू," मी म्हणालो. "नियमच आडवे आले."

मग आम्ही त्यांना खाली नेलं आणि टॅक्सीत बसवलं. काका पलीकडून चढले. मी खिडकीशी वाकून "पोचल्यावर कळवा" म्हटलं, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला स्टेशनचा रस्ता सांगायला सुरुवात केली होती.