ठिपका झाकल्यावरची लुकलुक

आमच्या घरातली भांडणं आत्यामुळे होतात, हे कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहणारी. तिचा आवाज असा खणखणीत, की समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वळवून बघतं. आईही काही कमी नाही. आणि दोघींच्या मध्ये बाबा, बँकेतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे, पेपर वाचत बसलेले. गल्लीला त्यांची फार दया यायची.

शेवटी आईनं हात टेकले. तंजावरजवळच्या एका वृद्धाश्रमात आत्यासाठी खोली बघितली गेली. ती आठवडाभर जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला जाणार होती. तिथून आली की पेटी घेऊन तिकडे, असं ठरलं. तिला सांगताना मी कानात बोटं घालायच्या तयारीत होते. ती आमच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली, "सरि. तेथे देऊळ जवळ आहे म्हणतात." सरि, म्हणजे ठीक आहे. एवढंच. मला ते मुळीच आवडलं नाही. पण प्रबंध लिहायला सुट्टी काढून मी पुण्याहून घरी आले होते आणि मला शांतता हवी होती.

माझा प्रबंध ताऱ्यांच्या लुकलुकण्यावर आहे. आपण गच्चीवरून बघतो ती लुकलुक नव्हे, ती हवेची. काही ताऱ्यांच्या जोड्या फार जवळ असतात. त्यातला एक लहानसा, जड, पांढरा. दुसरा मोठा आणि ढिला. मोठ्याचा वायू ओढला जाऊन लहान्याभोवती तबकडीसारखा फिरत राहतो आणि त्या जोडीचा प्रकाश मिनिटामिनिटाला कमीजास्त होतो, कसलाही नेम नाही. शेजारचा एखादा स्थिर तारा बरोबरीला धरून आधी खात्री करायची, की ही आपल्या ढगांची करामत नाही. मग खरा प्रश्न: एवढ्या पसाऱ्यात लुकलुकतंय नेमकं काय?

आत्यानं एकदा हेच विचारलं होतं. मी कॉफी उंचावरून टंबलरमध्ये ओतून दाखवली. धार पडते तिथं फेस कसा खदखदतो, तसाच वायूची धार तबकडीवर आदळते तिथं एक झगझगीत ठिपका होतो. आत्या म्हणाली, "मग तेथूनच लुकलुकते. आणखी कोठून?" पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही आधी तसंच वाटलं होतं. जे डोळ्यांत भरतं त्याच्यावर आळ घ्यायला कष्ट पडत नाहीत.

आत्या मरुदानल्लूरला गेली त्याच आठवड्यात मी माझ्या ताऱ्याची ग्रहणं तपासत होते. नोंदी दूरच्या दुर्बिणीतून आलेल्या. मी त्या रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर उघडून बसायची. या जोडीतला मोठा तारा ठरावीक वेळानं पुढे येतो आणि सगळं झाकतो. मग मधला पांढरा तारा आधी बाहेर येतो आणि ठिपका थोडा वेळ मागेच राहतो. ठिपका दोषी असेल, तर तेवढा वेळ शांतता हवी. पण आलेखावरची रेघ मधला तारा दिसल्याबरोबर थरथरायला लागत होती. प्रत्येक ग्रहणात तेच. माझ्या ताऱ्यात तरी ठिपका निर्दोष होता.

मी खुशीत होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माझी डांगर पच्चडी तुज गिळवत नाही काय? पुण्यास राहून जीभ बदलली?"

तिच्या त्या उडदाच्या पिठाच्या, दह्यातल्या पच्चडीबद्दल मी असं काहीच म्हटलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली. भांडून दमल्यावर विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणे, बाबा बोलले. ते तरी काय बोलले? "पोरीनं पच्चडी कमी वाढून घेतली आज." त्याच्या आदल्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं ते, आईला माझा लॅपटॉप टेबलावर खुपतो, हे बाबांनी मला हळूच सांगितल्यामुळे. आईला विचारलं, तर ती फक्त "टेबल पुसायचे आहे" म्हणाली होती.

मी रेघेकडे बघितलं, मग पेपरमागच्या बाबांकडे. ठिपका मरुदानल्लूरला टाळ वाजवत होता आणि घर लुकलुकतच होतं.

घाईनं निष्कर्ष काढायचा नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. दोन दिवसांनी बाबा सुंदरपेरुमाळ कोयिल या गावी आमच्या शेताची कापणी बघायला गेले, मुक्काम करून आले. तेवढ्या वेळात आमचा आवाज चढला नाही. आईनं आपणहून मला दुसऱ्यांदा कॉफी दिली. मी तिला सगळं सांगितलं, तारा आणि घर दोन्ही. ती आधी हसली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "अय्यो. आणि आपण अक्कास घालवत्यो." आत्याला ती अक्का म्हणते.

बाबांना तोंडावर सांगायची हिंमत मात्र आमच्या दोघींतही नव्हती.

आत्या आली. पाय धुतले, प्रसाद दिला आणि सरळ पेटी भरायला बसली. मला राहवलं नाही. बाबा ओसरीत पेपर वाचत होते ते विसरून मी घडाघडा बोलले, ठिपका, ग्रहण, पच्चडी, लॅपटॉप, सगळं. तुझा दोष नाही आत्या, म्हटलं.

ती लुगड्याची घडी घालत राहिली. "मज ठाऊक आहे. लहानपणापासोन तो तसाच. याचे त्यास सांगतो, मनात काही नसते. त्यापायी शाळेत मार खात होता म्हणोन मी आधी ओरडत होते. मी ओरडले की अवघे मजकडे बघतात."

"मग त्या दिवशी सरि कशाला म्हणालीस?"

"आता या वयात सगळ्यांनी त्याजकडे बघावे काय?"

मला रडू आलं आणि तिचा रागही आला. ओसरीत पेपरची सळसळ थांबली होती.

बाबा आत आले. कोणाकडेही न बघता त्यांनी घडी घातलेली लुगडी एकेक करून पेटीतून काढली आणि कपाटात, होती तिथं, परत ठेवली. मग वृद्धाश्रमाला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वळवून बघायला लागलं.