आईच्या पलंगाची गिटार

पास्कलच्या बायकोचा, मॅगीवहिनींचा फोन आला. "पास्कल गेला भाऊ. दमा उठला आन् गेला." मी मूर्खासारखं विचारलं, त्याला दमा कधी होता? त्यांनी फोन ठेवून दिला... का, ते मला महिन्याभराने कळलं.

पास्कल माझा ऑफिसातला दोस्त. नोकरी सांभाळून डोंगरी गावातल्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये तो गिटारी बनवायचा. लाकडावर टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, हा त्याचा नाद. शिसव त्याचं लाडकं. दगडासारखं जड, पण टिचकी मारली की घुमतं, म्हणायचा.

आई गेल्यावर तिचा शिसवी पलंग आमच्या इंद्रलोकच्या फ्लॅटमध्ये मावेना आणि विकवेनाही. मी फळ्या सुट्या करून टेम्पोने थेट डोंगरीला नेल्या. म्हटलं, याची गिटार कर. तो म्हणाला, शिसव सोडलंय मी, आंब्याच्या लाकडाची देतो करून. का ते सांगेना, नुसता हसला. मला वाटलं, साहेबांचे नखरे! शेजारीपाजारी उभे असताना मी बोललो, "जमत नसेल तर सांग, वसईला दुसरा शोधतो." माझी जीभ म्हणजे कात्री. त्याने मुकाट्याने फळ्या उतरवून घेतल्या. पुढचे चार महिने जावं तेव्हा तोंडाला ओला पंचा बांधून रंधा मारत असायचा. खोकायचा. मी चेष्टा करायचो, बिडी न ओढता एवढा खोकणारा तूच रे बाबा.

चर्चमध्ये त्याच्या महिन्याच्या मिस्साची प्रार्थना झाल्यावर वहिनींनी सांगितलं. शिसवाच्या भुशाने त्याचा श्वास कोंडायचा. डॉक्टरने ते लाकूड कधीच बंद करायला लावलं होतं. माझी गिटार झाली आणि त्याचा दमा मग बसलाच नाही. "मी भांडले त्याच्याशी. तो बोलला, दोस्तानं आयशीचा पलंग आनलाय, परत कसा धाडू?"

दुसऱ्या दिवशी मी गिटार त्यांच्याकडे घेऊन गेलो. म्हटलं, माझ्या घरात ही नको, मला हिच्याकडे बघवत नाही. त्यांनी ती परत माझ्याच हातात दिली.

"न्हाय भाऊ. तुमी रोज वाजवा. न्हायतर त्यानं केली कशाला?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आता रोज संध्याकाळी वाजवतो. पास्कलने कुठेही कसर ठेवलेली नाही... आवाज फार सुंदर येतो. वाजवताना वाकलो की तिच्या पोटातून शिसवाचा गोडसर वास येतो, आणि मी श्वास रोखून धरतो.